वहीच्या शेवटच्या पानावरची यादी

भाऊबीजेला आम्ही सगळे बेळगावला ताईकडे गेलो होतो. निपाणीहून मी, आई आणि आबा. जेवणं झाल्यावर भाचीने तिची फिजिक्सची वही उलटी उघडून माझ्यासमोर ठेवली. शेवटच्या पानावर पट्टीने आखलेले पाच रकाने होते. तारीख, विषय, गाव, भाषा, तिकीट. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुणे, कोल्हापूर, धारवाड इथे होणारी तत्त्वज्ञानाची व्याख्यानं, विद्यार्थ्यांचं निबंधवाचन, एक सिनेमा आणि त्यावर चर्चा, शिवाय दोन ऑनलाइन. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी युनेस्कोचा जागतिक तत्त्वज्ञान दिन असतो, म्हणून विद्यापीठांतून असे कार्यक्रम याच सुमारास ठेवतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. यंदा तो गुरुवार २० तारखेला आहे.

मी आधी तिकिटाचा रकाना वाचला. धारवाडसमोर शून्य, कारण कर्नाटकात २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा साधा प्रवास फुकट आहे. कोल्हापूरसमोर लिहिलं होतं, ‘हद्दीपर्यंत फुल, पुढे हाफ’. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट असतं, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतच. पुण्यासमोर आकडा नव्हता. नुसतं ‘मामा’ लिहिलं होतं.

तेवढ्यात ताईने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. भांडी उगीच जोरात आपटत म्हणाली, “पीयूसी सायन्सला घातलं, सीईटीचा क्लास लावला, आणि आता म्हणते बीए करणार. तत्त्वज्ञान घेऊन. तू बीई आहेस की, तुझं ऐकेल ती. जरा समजाव.”

आमच्या भागात ‘बीई आहे’ हे दोन शब्द पुरेसे असतात. १९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आलं आणि निपाणी, चिकोडी, खानापूरच्या घराघरांत इंजिनियर होण्याची एक सरळ वाट पडली. मी त्याच वाटेने गेलो आणि हिंजवडीला पोचलो. तक्रार अजिबात नाही. त्या वाटेनेच घराचं कर्ज फिटलं. पण ताई ज्याला समजवायला सांगत होती, त्याचा या विषयातला पूर्वेतिहास तिला ठाऊक नव्हता.

तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. हजेरी सक्तीची होती म्हणून हॉल भरलेला. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का’ म्हटल्यावर मी मागच्या रांगेतून उठून विचारलं, “सर, या सगळ्याचा उपयोग काय?” हॉल हसला. शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. सरही हसले आणि त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. पण त्या गोंधळात ते मला ऐकूच आलं नाही. नंतर जाऊन विचारावं असंही वाटलं नाही, कारण मला उत्तर नकोच होतं.

त्या हशाची मला पुढची दहा वर्षं आठवण झाली नाही. मग कामावर एक प्रकल्प आला. कर्जासाठी अर्ज करणाऱ्या माणसाच्या दोन कागदपत्रांवरची नावं एकाच माणसाची आहेत का, हे सॉफ्टवेअरने ठरवायचं. जुळणीला शंभरपैकी गुण द्यायचे आणि ठरलेल्या आकड्याखाली गेलं की अर्ज बाजूला. तो आकडा मी ८५ ठेवला. ८५ का? सगळे साधारण तेवढाच ठेवतात म्हणून. सीमाभागातल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. एका कागदावर नाव मराठीतून इंग्रजीत गेलेलं, दुसऱ्यावर कन्नडमधून. कन्नडमधून जाताना शेवटी एक ‘अ’ चिकटतो आणि जाधवचा जाधवा होतो. एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर २०१४ नंतरचं बेळगावी. माझ्या चुलत भावाने ट्रॅक्टरसाठी अर्ज केला होता. तो बाजूला पडला. कुठल्या प्रणालीने पाडला ते मला माहीत नाही, माझ्याच असेल असंही नाही. पण तो फोनवर म्हणाला, “मी मीच आहे, हे आता कुणाला दाखवू?” त्या दिवशी मी ऑफिसात दोन नावं म्हणजे एकच माणूस कधी, हा प्रश्न मांडला. आमच्यातल्या कुणालाच त्यावर धड बोलता येईना. सगळे हुशार, सगळे बीई. शेवटी एकाने विचारलं, “बरं, मग आकडा किती करायचा?” आणि आम्ही ८० केला.

हे सगळं ताईला कसं सांगणार? मी म्हटलं, “बोलतो तिच्याशी,” आणि भाचीला घेऊन स्कूटरवरून बाहेर पडलो.

कुठे जायचं ते तिनेच ठरवलं होतं. रिसालदार गल्लीतलं भाट्यांचं घर. बेळगावकरांना ते ओळखीचं आहे, निदान त्यावरची पाटी तरी. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले ते इथे, वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे. हातात कोल्हापूरच्या खासगी कारभाऱ्यांची, गोळवलकरांची चिठ्ठी. शिकागोची परिषद अजून अकरा महिने लांब होती, त्यांना ओळखणारं इथे कुणी नव्हतं. तीन दिवस भाट्यांकडे, मग किल्ल्यात हरिपद मित्र नावाच्या बंगाली वनाधिकाऱ्याकडे. आता हे घर रामकृष्ण मिशनने जपलं आहे.

मला एवढंच माहीत होतं. भाचीला पुढचं माहीत होतं. भाट्यांच्या मुलाने, जे पुढे प्राध्यापक झाले, त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. पाहुणा कुणीतरी वेगळा आहे ही बातमी गावात पसरली आणि रोज त्या घरात लोक जमून वाद घालायला लागले. आज आपण ज्याला व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं म्हणतो तेच, फक्त पत्रिका न छापता. त्या लोकांत गावचे एक एक्झिक्युटिव्ह इंजिनियर होते. बेळगावातला सगळ्यांत माहितगार माणूस. घरात सगळे रीतिरिवाज पाळणारे, पण मनातून पक्के शंकेखोर. विज्ञानावर भर, आणि धर्म म्हणजे लोकांना पडलेली जुनी सवय, असं त्यांचं मत. वादात समोरचा आवरेना, तेव्हा ते चिडले आणि वेडंवाकडं बोलले. यजमान भाट्यांना ते खटकलं आणि त्यांनी मध्ये पडून हरकत घेतली. पण स्वामीजी हसून म्हणाले की मला याचा काही त्रास नाही. शिंगराला वळण लावणारा आधी फक्त त्याच्या पाठीवर मांड ठोकून बसतो आणि त्याला हव्या तेवढ्या उड्या मारू देतो, तशातला हा प्रकार.

भाचीने हे सगळं सांगितलं आणि गप्प बसली. मी विचारलं, “नाव काय होतं इंजिनियरचं?”

“नाव नाही दिलेलं, मामा. नुसतं इंजिनियर.”

मला हॉलमधल्या शिट्ट्या ऐकू आल्या. तिला मी ती गोष्ट तिथेच, त्या घरात उभा राहून सांगितली. ती हसली नाही. तिने विचारलं, “मग सर काय म्हणाले ते तू कधीच विचारलं नाहीस?” आणि थोड्या वेळाने, “तुझा प्रश्न चुकीचा नव्हता रे. मलाही आई तोच विचारते. तू फक्त थांबला नाहीस.”

तर ताईने सोपवलेलं समजवायचं काम तिथेच संपलं. पण खरी अडचण वहीतल्या चौथ्या रकान्यात होती, आणि ती माझ्या लक्षात संध्याकाळी आली. भाषा. पुण्यासमोर मराठी-इंग्रजी, धारवाडसमोर कन्नड. आणि बीएला तिला पुण्याला नव्हे, धारवाडला जायचं होतं.

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. “धारवाड?”

आबांबद्दल थोडं सांगायला हवं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा ते सात वर्षांचे होते. दर वर्षी त्या तारखेला ते काळी फीत लावतात. त्यांची बीकॉम देवचंद कॉलेजची. निपाणीला लागून असलेलं हे कॉलेज पत्त्याने अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर आणि शिवाजी विद्यापीठाचं. घर एका राज्यात, वर्ग दुसऱ्या राज्यात, असं ते चालत शिकले. १७ जानेवारी १९७१ ला, हुतात्मा दिनी, बॅरिस्टर नाथ पै बेळगावात बोलले तेव्हा आबा गर्दीत होते. ते नाथ पैंचं शेवटचं भाषण. त्याच रात्री हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. व्याख्यान म्हटलं की आबांच्या डोळ्यांसमोर आजही तेच उभं राहतं. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून त्यांनी किती उंबरे झिजवले, ते आम्ही पाहिलंय. महाराष्ट्राने २००४ साली केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून तसाच आहे. तेव्हा त्यांच्या त्या एका शब्दाला कुणी हेका म्हणू नये, एवढीच विनंती.

“पुण्याला जा,” आबा म्हणाले. “बीए कर, काय वाटेल ते कर. पण मराठीत कर. एवढं केलं ते कशासाठी मग?”

भाचीचं उत्तर तयार असावं. तिने वाद नाही घातला, विचारलं, “आबा, तुम्ही रोज सकाळी काय वाचता?”

“दासबोध. का?”

मग तिने रानड्यांचं काढलं. ताईच्या घराजवळ हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिर आहे. अकॅडमी ऑफ कम्पॅरेटिव्ह फिलॉसॉफी अँड रिलिजन ही संस्था तिथलीच. मी त्या रस्त्याने कॉलेजच्या काळात शेकडो वेळा गेलो असेन, पण ते एखादं देऊळ असेल असंच समजत होतो. रा. द. रानडे १८८६ साली जमखंडीत जन्मले, पुण्या-सांगलीत शिकवलं, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू झाले, आणि शेवटी विजापूरकडच्या निंबाळला येऊन राहिले. महाराष्ट्रातल्या संतांवरचं त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक १९३३ चं. आणि कन्नड संतांवर त्यांनी व्याख्यानं दिली ती धारवाडला. कर्नाटक विद्यापीठाने पुढे ती पुस्तकरूपात काढली. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीचे, म्हणजे आज सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातले. मठ इंचगेरीला, म्हणजे आज विजापूर जिल्ह्यात. “आणि त्या मठाच्या परंपरेत काय वाचतात माहीत आहे? दासबोध. आजूबाजूला सगळं कन्नड, आणि वाचायला समर्थांचा दासबोध. मला ते दोन्हीकडून वाचायचंय, आबा. मराठी मला येतंच. कन्नड मी शाळेत नुसती पास होण्यापुरती शिकले.”

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “रानडे मोठे होते. तू अजून बारावी पास व्हायचीस.” आणि उठून बाहेर गेले.

परतताना तवंदीचा घाट उतरून निपाणीचे दिवे दिसेपर्यंत गाडीत कुणी काही बोललं नाही. मला माझंही ठरवता येत नव्हतं. आबांची भीती खोटी नाही. आमच्या ओळखीत अशी घरं आहेत जिथे नातवंडांना आजीची मराठी पत्रं वाचता येत नाहीत. आणि भाची म्हणते तेही खोटं नाही. शेजारच्या घरातलं एवढं मोठं पुस्तक आपण भाषेच्या रागापायी उघडलंच नाही. या दोन गोष्टींना शंभरपैकी किती गुण द्यायचे, ते मला सांगता येणार नाही. कोल्हापूर मला मधला मार्ग वाटला होता. भाची म्हणाली, “मामा, तू परत ८० करायला बघतोयस.”

१ नोव्हेंबरला आबा नेहमीप्रमाणे काळी फीत लावून गेले. संध्याकाळी त्यांनी ताईला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, त्या गुरुवारी पोरीची परतीची बस किती वाजता आहे, अंधार पडायच्या आत येईल ना. ताईने सांगितलं, मामा बरोबर जाणार आहे.

मी २० तारखेची सुट्टी टाकली आहे. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलंय. व्याख्यान कन्नडमध्ये आहे. मला बाजारापुरती कन्नड येते, त्यामुळे भाची शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगणार, असं ठरलंय. तिची अट एकच आहे. प्रश्न विचारलास तर उत्तर संपेपर्यंत उभा राहायचं. ती बसने फुकट येणार, मला मात्र पूर्ण तिकीट.

बीएच्या फॉर्मबद्दल आबा अजून एक अक्षर बोललेले नाहीत. काल आईच्या फोनवरून मला एवढंच म्हणाले, “जातायसा तर येताना धारवाडी पेढा आणा पाव किलो. ताजा असला तरच.”