चार फुटांचे तळे

१९८९ सालचा सहा डिसेंबर आम्हाला अजून आठवतो. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे. वडिलांसोबत सोलापूरहून रेल्वेने दादरला गेलो, रांगेत उभे राहून चैत्यभूमीवर अभिवादन केले आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी आम्हाला तारापोरवाला मत्स्यालय दाखवले. १९५१ साली सुरू झालेले हे मत्स्यालय म्हणजे तेव्हा मुंबई बघायला येणाऱ्या गोरगरिबांचे ठरलेले ठिकाण होते. वडिलांनी हाताला धरून ओढेपर्यंत आम्ही काचेला नाक लावून उभे होतो. "आपल्या घरी असं करू या का?" असे विचारल्यावर वडील हसले. "आधी घरात नळ तर येऊ दे," म्हणाले.

नळ आला. वडील गेले. आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनीला लागलो. २०२१ च्या पावसाळ्यात कन्येने तोच हट्ट धरला आणि आम्ही हो म्हणून बसलो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी ठरली. पाणी सुमारे अडीचशे लिटर.

हा आकडा ऐकून आईचा पारा चढला. आईने जन्मभर विड्या वळल्या आणि पहाटे तीनला उठून सार्वजनिक नळावर घागरीची रांग धरली. उजनी धरणातून सोलापूरला पाणी येते खरे, पण तेव्हाही आमच्या नळाला ते चार-पाच दिवसांआडच येत होते. आई म्हणाली, "अडीचशे लिटर पाणी काचेत भरून बघत बसायचं व्हय रं? माझ्या आजीला विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. वरनं वतलेलं पाणी ओंजळीनं प्यायची ती. इसरलास?"

आम्ही निरुत्तर झालो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो. पण घरातल्या पाण्याचा हिशेब आईला ठाऊक, आम्हाला नाही.

तोड काढली ती आमच्या सहचारिणीने. टाकी पूर्ण एकदाच भरायची. पुढे दर आठवड्याला पन्नास लिटर बदलायचे आणि काढलेले पाणी मोरीत न सोडता कुंड्यांना व संडासाला वापरायचे. नाहीतरी तेवढे पाणी तिथे लागतेच. जाता जाता ते टाकीत एक मुक्काम करील, इतकेच. आई फक्त "बघू" म्हणाली.

मग कामाला लागलो. नुसत्या पाण्याचेच वजन अडीच क्विंटल. काच, माती, खडी धरून तीन क्विंटलांच्या वर. म्हणून टाकी तळमजल्यावर, भिंतीलगत ठेवली. खिडकीचे ऊन टाळले, कारण ऊन लागले की शेवाळ माजते. लोखंडी अँगलचे स्टँड वेल्डरकडून करून घेतले, गवंड्याची लेव्हल लावून सरळ केले आणि काचेखाली थर्माकोल घातला. तळाला बिनखताची चाळलेली माती एक इंच, तिच्यावर धुतलेली बारीक खडी दोन इंच. आपल्या नद्या-तळ्यांत वाढणारी व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला खडीत रोवली, जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधले. दिवा रोज आठ तास. क्लोरीन उडावे म्हणून पाणी आधी एक दिवस ड्रममध्ये उघडे ठेवले.

इथवर ठीक झाले. पण आम्हाला दम नव्हता. दुकानदार म्हणाला, "सोडा हो, काही होत नाही." त्याच संध्याकाळी आम्ही बारा निऑन टेट्रा सोडले. आठ दिवसांत नऊ मेले. कन्या त्या रात्री जेवली नाही. आई काही बोलली नाही, हे जास्त लागले.

चूक नंतर उमगली. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी असते आणि झाडांना खत म्हणून चालते. हे जिवाणू खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तर रोज स्पंज नळाखाली धूत होतो आणि नळातल्या क्लोरीनने त्यांना मारत होतो! स्वच्छतेच्या हौसेपायी सफाई करणाऱ्यांचाच जीव घेत होतो. पाणी निर्मळ ठेवणारे कुणाला दिसत नाहीत, कौतुक माशांचे होते. आमच्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

उरलेले तीन मासे एका जाणत्या मित्राकडे दिले. सहा आठवडे टाकीत मासा नव्हता. एक दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकायचे आणि थेंबांच्या किटने पाणी तपासायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तेव्हाच मासे आणले, तेही थोडे थोडे. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला. आमचे पाणी जड. जड पाण्याला गप्पी आणि मोली बरे. सोबत झेब्रा दानिओ, जो मूळचा आपल्याच नद्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. गप्पीची पिले वाढली तर ड्रममधल्या डासांच्या अळ्या खायला शेजाऱ्यांना द्यावीत. तळ्यात वा नदीत मात्र सोडू नयेत. परका मासा तिथल्या माशांच्या तोंडचा घास काढून घेतो.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप जवळ ठेवतो. आता स्पंज धुतो तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.

आई दुपारची टाकीसमोर बसते. नळ आला की तिचा पहिला प्रश्न, "माशांचं पाणी काढलंस का? माझा कढीपत्ता वाट बघतोय." तिचा कढीपत्ता यंदा गच्चीच्या कठड्याला लागला आहे. शेजारणीला ती अभिमानाने सांगते, "आमच्या घरात तळं हाय. अन् त्यातला एक थेंब वाया जात न्हाई."