७५ फूट बर्फ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज रोडपालीत ऊन असं आहे की दुपारी खिडकीच्या गजालाही हात लावू नये. तेव्हा बर्फाबद्दलच लिहिते.

२०२२ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडे अमेरिकेला गेले. हे जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि "एक हिवाळा तरी इथे काढ" असं तिचं टुमणं चालू होतं. तिचं घर यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळच्या सँडी गावात. मागे वासाच डोंगर आणि त्यात लिटल कॉटनवूड नावाची घळ. घळीच्या वरच्या टोकाला आल्टा. पूर्वी चांदीच्या खाणींचं गाव, १९३९ पासून स्कीइंगचं. तिथला पायथाच समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे बघा!

गेल्या गेल्या जावयांनी सॉल्ट लेक सरोवर दाखवायला नेलं. त्याच महिन्यात त्याची पातळी मोजणी सुरू झाल्यापासून सर्वांत खाली गेली होती. पाणी कुठेतरी लांब चमकत होतं आणि आम्ही भेगाळलेल्या, मीठ फुटलेल्या जमिनीवर उभे. मला आपल्याकडचे वैशाखातले तलाव आठवले. इथलं जवळजवळ सगळं पाणी डोंगरावरच्या बर्फाचं, असं जावई सांगत होते. हिवाळ्यात साठतो, वसंतात वितळतो, तोच वर्षभर पुरवायचा. म्हणजे यांचं धरण डोंगरावर, आणि तेही भिंतीशिवाय.

मग बर्फ सुरू झाला. मुलांना पुस्तकातला 'हिमवर्षाव' शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, पण त्याला आवाज नसतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आपला पाऊस कसा पत्र्यावर दणदणत येतो, सांगून येतो. हा रात्रीत येऊन बसतो, सकाळी दार उघडावं तर अंगण नाही, गाडी नाही, शेजारच्यांचं कुंपण नाही. फावड्याने तो उपसायचा हे रोजचं काम. (मला फावड्याला हात लावू देत नसत. मी आपली आतून आल्याचा चहा पुरवत असे.) आणखी एक गंमत. आपण गोळ्याच्या गाडीवरच्याला बर्फ म्हणतो, फ्रीजमधल्याला बर्फ आणि आकाशातून पडणाऱ्यालाही बर्फच. कोकणात त्यासाठी वेगळे शब्द कशाला होतील म्हणा!

त्या हंगामात आल्टाला एकूण ९०३ इंच बर्फ पडला, तिथला विक्रम. ७५ फूट! आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत. एकाच वेळी एवढा उभा नसतो, दबत जातो, पण आकडा ऐकून मी दोनदा हिशेब केला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जावई आणि नातू दोन दिवसांसाठी वर गेले होते. हिमकडे रस्त्यावर यायला लागले आणि घळीतला रस्ता बंद झाला. अशा वेळी वरच्या लोकांना इमारतीबाहेर पाऊल टाकायलाही कायद्याने मनाई असते. त्या हंगामापर्यंत तिथे लष्करी तोफा डागून हिमकडे आधीच पाडत असत. फोन चालू होता, नातू मजेत होता, "आजी, खिडकी बर्फाने भरली" असं हसत सांगत होता. तरी लेक रात्रभर सोफ्यावर. मीही तिच्याशेजारी बसून राहिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री हे पनवेलला अडकले होते आणि आम्ही दोघी कळंबोलीत अशाच बसलो होतो. तेव्हा ती कॉलेजात होती. तिलाही तेच आठवत असावं, कारण पहाटे ती एकदम म्हणाली, "तेव्हा तू घाबरली नव्हतीस ना गं?"

म्हटलं, "खूप घाबरले होते. तुला दाखवत नव्हते."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, आता इथेच राहा. कागदांचं मी बघते. तिकडे तू आजारी पडलीस तर मी अशीच फोन धरून बसणार."

याला उत्तर काय द्यायचं? माझं घर, माझी पुस्तकं, संध्याकाळी तलावाकाठी बाकावर भेटणाऱ्या चौघी, हे तिला पटेल असं सांगता येईना. रस्ता उघडला, दोघं सुखरूप आले, मी पुरणपोळी केली आणि विषय तेवढ्यापुरता बाजूला पडला.

पुढच्याच आठवड्यात ऊन तापलं. ओढा फुटून शहरातल्या एका रस्त्याची नदी झाली. शेकडो लोक वाळूची पोती भरून दोन्ही कडांना रचत होते, शाळेतली मुलंसुद्धा. १९८३ मध्ये तर मुख्य रस्त्यावरून पाणी वाहिलं होतं म्हणे. या वेळी बर्फातलं पाणी त्याहून जास्त, राज्यभराच्या सरासरीने ३० इंच. सरोवर पुन्हा काही फूट चढलं. मे महिन्यात परतीच्या विमानातून मी ते शोधून पाहिलं.

आता लेक दर हिवाळ्यात फोनवर विचारते, तिकीट काढू का. नातू किती इंच पडला ते सांगतो, आणि मी त्याला आमच्या सोसायटीत टँकर आला की नाही ते सांगते. कागद तिने भरून पाठवलेत, फक्त माझी सही बाकी आहे. ते यांच्या कपाटात, पेन्शनच्या फाइलखाली ठेवलेत.