हात मागे घेण्याची विद्या

चड्डी घालणे ही क्रिया आपण इतक्या अभावितपणे उरकतो की तिच्या पोटात किती पायऱ्या दडलेल्या आहेत हे मोजण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही; परंतु स्वमग्न मुलांना नित्याचे व्यवहार शिकविण्याचे काम ज्याने पत्करले, त्याला त्या मोजल्यावाचून आरंभच करता येत नाही. पुढची बाजू ओळखणे, दोन्ही हातांनी इलॅस्टिकची पट्टी धरणे, एकेक पाय घालणे, गुडघ्यापर्यंत ओढणे, उभे राहून कमरेपर्यंत चढविणे, ही मांडणी आधी स्वतः करून पाहावी आणि मगच कागदावर उतरवावी, हा उपयोजित वर्तन विश्लेषणातील जुना शिरस्ता.

शिकविताना मात्र मी बहुधा शेवटची पायरी प्रथम घेते. चड्डी मांड्यांपर्यंत मी चढवावी आणि पुढे ती कमरेपर्यंत ओढण्याचे काम तेवढे मुलाकडे सोपवावे. ते साधले की त्याआधीची पायरीही त्याच्याकडे जावी. अर्धवट राहिलेल्या कामांचाच अनुभव ज्याच्या वाट्याला वारंवार आलेला असतो, त्या मुलाला यामुळे दर वेळी कार्यसिद्धी लाभते, आणि तत्क्षणी त्याच्या आवडीची वस्तू त्याच्या हाती पडते. ही आवड त्याची असावी लागते, आपल्या कल्पनेतली नव्हे. साबणाच्या फुग्यांवर जीव असलेले मूल पेढ्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

खरे कौशल्य मदत आवरती घेण्यात आहे. प्रथम मुलाच्या हातावर आपला हात, मग मनगटाला आधार, पुढे कोपराला ओझरता स्पर्श, आणि अखेरीस नुसते बोट दाखविणे; कोणत्या दिवशी कितपत साहाय्य लागले, याची वहीत रोजच्या रोज नोंद. हे साहाय्य वेळीच घटवले नाही, तर मूल चड्डी घालण्याऐवजी मदतीची वाट पाहायला शिकते. ‘ताई, शाळेची गाडी दाराशी उभी असते, तेव्हा कुठवर धीर धरू?’ असे आया विचारतात, आणि ते सर्वस्वी रास्त आहे. म्हणून तालमीसाठी संध्याकाळच्या आंघोळीनंतरची वेळ राखण्याची तजवीज मी सुचविते.

या शास्त्राच्या दप्तरी काळी पानेही आहेत. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास यांच्या प्रयोगांत मुलांना चापट्या आणि विजेचे झटके देण्यात आले. आणि नजरेला नजर देण्याची सक्ती, हात फडफडविण्यास मनाई, यांविषयी प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी पुढे जी तक्रार मांडली, ती मला पूर्णपणे मान्य आहे. हात फडफडल्याने चड्डी घालण्यास कसलीही बाधा येत नाही. मुलाने शब्दाने किंवा मान फिरवून ‘नको’ म्हटले, की त्या दिवसाची तालीम तहकूब.

१९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिझ्ली यांनी या शाखेचे निकष मांडले, तेव्हा शिकविलेले वर्तन काळाच्या ओघात टिकावे आणि अन्य परिस्थितींतही प्रकट व्हावे, ही अपेक्षा त्यांत होती. माझ्या खोलीत चड्डी घालणारा मुलगा आजोळी नाडीची चड्डी पाहून खिळून उभा राहतो, तेव्हा काम अपुरेच असते. त्यासाठी सुट्टी लागण्याच्या पुष्कळ आधी नाडीची चड्डी मागवून घ्यावी, गाठ बांधण्याच्या पायऱ्यांची वेगळी मांडणी करावी, आणि तो अडला तर लगेच हात न लावता आधी बोट दाखवून क्षणभर थांबावे, हे आजीलाही आगाऊ समजावून द्यावे.