वऱ्हाडी शब्दांचा संग्रह आणि एक्सएमएल : आठवीच्या वर्गातला एक उपक्रम



शीर्षकातला 'एक्सएमएल' हा शब्द वाचून काही जण म्हणतील, हा तर संगणकाच्या सरांचा विषय, मराठीच्या बाईंनी यात कशाला पडायचं? कारण सांगते. माझं माहेर दर्यापूरकडचं, म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, आणि नोकरी अकोला जिल्ह्यात. दोन्हीकडे बोली वऱ्हाडीच. आठवीच्या मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून शब्द गोळा करून आणायचे, एवढाच माझा उपक्रम होता. साडेतीनशेच्या आसपास नोंदी जमल्या. मग पुढचा प्रश्न आला : हे सगळं ठेवायचं कसं, आणि त्यातून हवं ते शोधायचं कसं? त्या गरजेपोटी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज तासभर बसून एक्सएमएल डेटाबेस शिकले. काय शिकले आणि त्याचा वर्गाला काय उपयोग झाला, ते इथे मांडते. संगणकाची फार माहिती नसली तरी वाचा, कुठे अडणार नाही.

तक्त्यात काय मावत नाही?

'बंडी' हा शब्द घ्या. प्रमाण मराठीत बंडी म्हणजे अंगात घालायचं बिनबाह्यांचं वस्त्र. आपल्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी. एका मुलीनं आजीचं वाक्य आणलं, "बंडी जुपली का रे?" दुसऱ्यानं आजोबांचं आणलं, "बंडीत सरकी भरली." तिसऱ्याच्या घरी मात्र थंडीत घालायची बंडीच निघाली. म्हणजे शब्द एक, अर्थ दोन, वाक्यं तीन आणि गावंही तीन.

आता हे एक्सेलच्या तक्त्यात भरून बघा. अर्थ १, अर्थ २, वाक्य १, वाक्य २ असे रकाने वाढत जातात. 'पऱ्हाटी' या शब्दाला सात वाक्यं आली, कारण उभं कपाशीचं झाडही पऱ्हाटी आणि चुलीत जाणारी वाळकी काडीही पऱ्हाटीच. त्या एका शब्दासाठी सात रकाने करायचे, आणि बाकीच्या शब्दांपुढे ते रिकामेच राहणार.

एक्सएमएलची मांडणी झाडासारखी असते. खोड एक, फांद्या लागतील तितक्या. आमची एक नोंद अशी दिसते :

<नोंद>
  <शब्द>बंडी</शब्द>
  <अर्थ>
    <प्रमाण>बैलगाडी</प्रमाण>
    <वाक्य गाव="दर्यापूर" पिढी="आजी-आजोबा">बंडी जुपली का रे?</वाक्य>
    <वाक्य गाव="अकोट" पिढी="आजी-आजोबा">बंडीत सरकी भरली.</वाक्य>
  </अर्थ>
</नोंद>

कंसातल्या नावांना 'टॅग' म्हणतात, आपण खूण म्हणू. उघडलेली खूण बंद करावीच लागते. गणितात कंस उघडला की बंद करतो, तसंच. एक जरी खूण उघडी राहिली तरी संगणक फाईल वाचायला नकार देतो आणि चूक कोणत्या ओळीत आहे तेही सांगतो. मुलांना हे फार आवडतं.

आणि बघा, खुणांची नावं मराठीत आहेत! एक्सएमएलला वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने १९९८ साली मान्यता दिली. ही पद्धत युनिकोडवर आधारलेली असल्यामुळे खुणांची नावं देवनागरीत ठेवता येतात. मराठीच्या तासाला संगणक आणायला मला हेच कारण पुरलं.

मुलांना दाखवायला एक सोपी गंमत आहे. वर्डच्या 'डॉक्स' फाईलची एक प्रत करा, तिच्या नावाच्या शेवटी 'डॉक्स' ऐवजी 'झिप' लिहा आणि उघडा. आत एक्सएमएलच्या फाईली निघतात. आपण रोज वापरतो ती वस्तू आतून अशी असते, हे पाहून वर्ग एकदम जागा होतो.

खुणांची नावं ठरवताना

शिकताना मला वाटलं होतं की अवघड भाग पुढे आहे, प्रश्न विचारण्याच्या भाषेत. पण वर्गात सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावं ठरवण्यात. बैलगाडी हा प्रमाण शब्द, बंडी हा आपला. या दोन खुणांना काय म्हणायचं? एका मुलानं पटकन सुचवलं, "मॅडम, एक शुद्ध आणि एक अशुद्ध." अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग माही आजी अशुद्ध बोलते का?"

वर्ग गप्प झाला. मीही काही बोलले नाही, मुलांनाच बोलू दिलं. बराच वाद झाला. शेवटी ठरलं की मूळ शब्दाची खूण नुसती 'शब्द', आणि पुस्तकी प्रतिशब्दाची खूण 'प्रमाण'. 'अशुद्ध' हे नाव आमच्या संग्रहात कुठेही नाही.

शिक्षक म्हणून मला इथे एक गोष्ट पटली. डेटाबेसला आपण जी नावं देतो, त्याच नावांनी तो पुढे कायम उत्तरं देतो. 'अशुद्ध' अशी खूण ठेवली असती, तर उद्या कोणीही यादी मागितली की साडेतीनशे शब्द त्याच शिक्क्यासह बाहेर आले असते. संगणकाला त्यात वावगं काही दिसलं नसतं. नाव काय द्यायचं याचा विचार माणसानेच करायचा असतो.

दुसरा निर्णय होता, 'कोणी सांगितलं' हे लिहायचं की नाही. इथे मी मुलांना रिद्धपूरची गोष्ट सांगितली. रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलंच. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांना गाठून, विचारून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. ज्याने पाहिलं, ज्याने ऐकलं, त्याच्यापर्यंत जाऊन विचारायचं, ही रीत आपल्याच मातीतली आहे. आता त्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. पुढे इंग्रजी अमदानीत ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यातही वऱ्हाडीचे नमुने आहेत.

मात्र पालकहो, आम्ही कोणाचंही नाव नोंदीत लिहिलं नाही, फोन नंबर तर नाहीच. फक्त गाव आणि पिढी. शब्दाच्या अभ्यासाला तेवढं पुरतं.

प्रश्न विचारायला शिकणं

फाईली तयार झाल्यावर त्या डेटाबेसमध्ये घालायच्या. मी 'बेसएक्स' वापरलं. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जावा असलेल्या साध्या संगणकावरही चालतं. एका खिडकीत प्रश्न लिहायचा, दुसऱ्या खिडकीत उत्तर दिसतं.

पहिली पायरी 'एक्सपाथ', म्हणजे झाडावरची वाट. उदाहरणार्थ :

//नोंद[.//वाक्य/@गाव = "दर्यापूर"]/शब्द

सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा म्हणजे 'कुठेही असो, शोध'. चौकोनी कंसात अट. कंसातल्या टिंबाचा अर्थ 'या नोंदीच्या आत'. @ म्हणजे खुणेला चिकटवलेली माहिती. सगळं मिळून वाक्य होतं : ज्या नोंदीत दर्यापूरचं वाक्य आहे, तिचा शब्द दे.

दुसरी पायरी 'एक्सक्वेरी'. तिच्या प्रश्नाचे पाच भाग असतात : फॉर, लेट, व्हेअर, ऑर्डर बाय आणि रिटर्न. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला 'फ्लॉवर' म्हणतात. वर्गात मी ते असं सांगितलं. समजा, तुमच्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे आहे. एकेक वही घ्यायची, हे फॉर. तिच्यातले गुण एका कागदावर टिपून ठेवायचे, हे लेट. पस्तीसच्या वरच्याच बाजूला काढायच्या, हे व्हेअर. हजेरी क्रमांकाने लावायच्या, हे ऑर्डर बाय. आणि शेवटी यादी करून द्यायची, हे रिटर्न. आपण शिक्षक हे रोजच करतो की!

क्रम आणि न दिसणारं अक्षर

मराठीच्या शिक्षकाचं काम इथे सुरू झालं. शब्द क्रमाने लावायला सांगितले, तर 'ळ' आला 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत तो 'ह' च्या नंतर असतो. 'क्ष' ने सुरू होणारे शब्द 'क' मध्येच गेले. युनिकोडमध्ये अक्षरांना जे क्रमांक दिले आहेत, त्याप्रमाणे संगणक मांडणी करतो. मराठीचा क्रम हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं, त्या सोयीला 'कोलेशन' म्हणतात. वर्णमालेचा क्रम मुलांना कधी नव्हे तो पाठ झाला.

त्याहून मजेशीर प्रकार 'पऱ्हाटी' चा. शोध घेतला तर निम्म्याच नोंदी सापडायच्या. पडद्यावर सगळ्या सारख्याच दिसत होत्या. कारण असं की 'ऱ्ह' दोन तऱ्हेने टाइप होतो. काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच, संगणकाला वेगवेगळे. पऱ्हाटी, तुऱ्हाटी आणि खुद्द वऱ्हाड, आपल्या किती शब्दांत हा 'ऱ्ह' आहे बघा. यावर तोडगा असा : मुलांनी लिहिलेलं तसंच ठेवायचं आणि शोध घेताना दोन्ही रूपं एकसारखी करून तुलना करायची. एक्सक्वेरीतल्या 'रिप्लेस' ने ते एका ओळीत होतं.

ज्या प्रश्नासाठी हे सगळं केलं

नोंदीत 'पिढी' लिहिली होती. आजी-आजोबा, आई-वडील आणि मुलं अशा तीन पिढ्या. एक दिवस मुलांसमोरच प्रश्न लिहिला : ज्या नोंदींत मुलांच्या पिढीचं एकही वाक्य नाही, असे शब्द दे.

उत्तर आलं आणि यादी खाली सरकतच राहिली. तिफन, सरता, डवरा, वखर, दमणी. शेतीच्या आणि बैलांच्या अवजारांचे शब्द जवळजवळ सगळे त्यात. तिफन म्हणजे पेरणीचं अवजार आणि सरता म्हणजे बी सोडायची नळी, हे वर्गातल्या मोजक्याच मुलांना माहीत होतं. ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, अवजारं गोठ्याच्या कोपऱ्यात गेली आणि शब्द आजोबांबरोबर मागे राहिले. उलट रोडगे, ठेचा, कळण्याची भाकर हे शब्द तिन्ही पिढ्यांत होते. जे अजून ताटात आहे ते तोंडात आहे. अर्थात ही एका वर्गाची पाहणी, सगळ्या वऱ्हाडाची नव्हे. पण मुलांनी स्वतः जमवलेली, स्वतः विचारलेली.

त्या यादीकडे बघून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी सरता आहे, आणू का?" दुसऱ्या दिवशी टेबलावर सरता होता, आणि त्याच्याबरोबर पेरणीवरची आजोबांची पाच नवी वाक्यं. प्रश्न विचारल्याशिवाय ती कधी आलीच नसती.

एकच साठा, रूपं अनेक

एक्सक्वेरीची आणखी एक सोय म्हणजे रूपांतर. 'रिटर्न' मध्ये आपल्याला हवी ती मांडणी लिहिता येते. त्याच नोंदींतून आम्ही भिंतीवर लावायचा शब्दकोश काढला, गावानुसार याद्या काढल्या, शब्दकोड्यासाठी शब्द आणि अर्थांच्या जोड्या काढल्या आणि स्नेहसंमेलनासाठी आजी-आजोबांच्या वाक्यांचं पान तयार केलं. मूळ नोंदीला कुठेच हात लागत नाही. नवा शब्द आला की एकाच जागी भरायचा आणि सगळी रूपं पुन्हा काढायची.

तुम्हाला करायचं असेल तर

१. आधी कागदावर दहाच नोंदी करा. खुणांची नावं मुलांबरोबर बसून ठरवा, घाई करू नका.
२. प्रत्येक वाक्याबरोबर गाव आणि पिढी लिहाच. नंतर ते आठवत नाही.
३. वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडचं जसंच्या तसं घ्या. "मले", "तुले", "सयपाक" सुधारू नका.
४. फाईल साठवताना यूटीएफ-८ निवडा, म्हणजे देवनागरी बिघडणार नाही.
५. पहिले प्रश्न साध्या मराठीत वहीत लिहायला सांगा, मगच एक्सक्वेरीत. ज्याला प्रश्न मराठीत नीट मांडता येतो, त्याला पुढचं जड जात नाही.

पालकांना एकच विनंती. या दिवाळीच्या सुट्टीत मुलं गावी जातील, तेव्हा वही-पेन सोबत द्या. एखाद्या संध्याकाळी आजोबांना विचारू द्या, तुम्ही पेरणी कशी करत होता? उत्तराला दोन तास लागले तर लागू द्या. वही भरली की पुढचं काम आम्ही शाळेत करू.