वहीतल्या आकड्याचं ऋण

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमीन काळीभोर आणि कसदार, पण विहिरीला लागणारं पाणी खारं. त्यामुळे पऱ्हाटी (कपाशी), तूर, मूग, सारं पावसाच्या भरवशावर. अशा गावातल्या पोरांना विज्ञान शिकवायला सर होते. आज मी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. इथवर येण्यात अनेकांचा हात आहे. पण सरांचं ऋण सगळ्यांत जुनं, आणि ते सांगायचं तर त्यांनी आमच्याकडून हातानं करून घेतलेल्या प्रकल्पांवरूनच सांगता येईल.

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली. तिथं एक सूक्ष्मदर्शक, काही बरण्या आणि हे सगळं जिवापाड जपणारे परिचर काका. सर वर्षाच्या सुरुवातीलाच सांगत, "आपलं खरं सामान वावरात आहे." आठवीत सहजीवन शिकवताना त्यांनी ज्याला त्याला आपापल्या वावरातून मुगाचं झाड आणायला लावलं. "उपटू नका रे, ढेकळासकट खणून काढा." उपटलं की बारीक मुळं तुटतात आणि जे पाहायचं तेच मातीत राहून जातं. ती ढेकळं आम्ही बादल्यांत भिजत घातली. चिवट काळी माती हळूहळू सुटत गेली आणि मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसायला लागल्या. काकांनी ब्लेडचे अर्धे अर्धे तुकडे कागदात गुंडाळून दिले. गाठ कापली तर आत गुलाबी! काही पांढऱ्या निघाल्या, काही हिरवट.

"गुलाबी तेवढ्या कामावर आहेत," सर म्हणाले. पांढऱ्या अजून कोवळ्या, हिरवट थकलेल्या. गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, पण हे काम मोकळ्या ऑक्सिजनमध्ये चालत नाही. तो आवरून धरणारं द्रव्य म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतलं. गाठीचा रंग त्याचाच.

संध्याकाळी मी एक गाठ कापून आबाजींना, माझ्या आजोबांना, दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मुंगाच्या बेवडावर पऱ्हाटी चांगली येते, हे तं आम्हाले ठावूकच होतं. कायच्यानं येते, ते तुह्या सरनं दाखोलं." दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं, तर सरांनी मला परत घरी पिटाळलं. आबाजी मुगानंतर काय पेरतात, कधीपासून पेरतात, कोणत्या तुकड्यात पेरतात, सगळं नीट विचारून यायला सांगितलं. प्रकल्पाच्या वहीत सरांनी एक रकाना आखायला लावला होता, 'माहिती देणारे'. त्यात मी आबाजींचं पूर्ण नाव लिहिलं. आबाजींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. शाळेच्या वहीत त्यांचं नाव लागलं ते असं.

नववीत आम्ही तीन ताटल्यांत ओल्या कागदावर मुगाचे दाणे मांडले. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत गावच्या बोअरचं. रोज कोंब मोजायचे आणि मांडायचे. बाजारातल्या गाईडमध्ये असल्या प्रयोगांचे निष्कर्ष तयार छापलेले असतात, पण सरांना ते चालत नसत. "दिसलं ते लिहा. नाही दिसलं तर रकाना कोरा सोडा." एका ताटलीला बुरशी लागली, तर तीही तारखेसह लिहायला लावली. आणि प्रत्येक आकड्याखाली, ज्यानं मोजलं त्याचं नाव. हा त्यांचा नियम होता.

या नियमाची किंमत मला कळली ती बोंडअळीमुळं. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीची कटकट मिटली असंच गावाला वाटलं होतं. पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळी बीटीच्या विषाला सरावली. २०१७ च्या हंगामात तिनं विदर्भातली पऱ्हाटी पोखरून काढली. आमच्याही वावरात बोंडं नीट उमललीच नाहीत, निघाली ती डागाळलेली कवडी. आईनं वेचलेल्या कापसातून एकमेकींना चिकटलेल्या दोन दोन सरक्या मला काढून दिल्या. त्या अलग केल्या की मधे अळी दडून बसलेली. पुढच्या हंगामापर्यंत ती तशीच निजून राहते, हे मला सरांकडून कळलं. पण अशा जोडसरक्या नेमक्या कुठं सापडतात, हे आईच्या बोटांना आधीपासून ठाऊक होतं. त्या रकान्यात आईचंही नाव गेलं.

पुढच्या खरिपात सरांनी वर्गाचा प्रकल्पच बोंडअळीचा केला. कामगंध सापळे लावले. त्यातल्या गोळीला मादीचा गंध असतो. त्यानं नर पतंग येतो आणि नरसाळ्यातून खाली पिशवीत पडतो. शाळेआधी वावरात जाऊन पतंग मोजायचे. सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग आले, तर सावध व्हायचं. पण पतंगांवर सगळं सोपवायचं नाही. वावरभर फिरून २० हिरवी बोंडं तोडायची आणि चिरून पाहायची. अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते, आणि तिनं पाडलेलं बारीक छिद्र भरून येतं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. चिरलं की पाकळीच्या आतल्या बाजूला एक छोटी फुगीर गाठ दिसते. तीच शिरल्याची खूण. आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं.

त्या दिवसांत शेजारच्या वावरांत फवारणी सुरू झाली होती. बाबांनीही औषध आणून ठेवलं होतं. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. पतंग आठच्या खाली. २० बोंडांपैकी एकात अळी, म्हणजे ५ टक्के. फवारणीची पातळी १० टक्के. बाबांनी पानं उलटून पाहिली. मग स्वतः उठून वावरात गेले, आणखी बोंडं चिरली, आणि घरी येऊन पंप बाजूला ठेवला. पुढं आकडा वाढला तेव्हा त्यांनी फवारणी केलीच, पण ती आकडा पाहून. चौदा वर्षांच्या मुलीनं मोजलेल्या आकड्यावर घरातला शेतीचा निर्णय झाला. इतका विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता, आणि तो टाकण्याजोगी मला सरांनी केलं होतं.

त्याच वर्षी सरांनी आम्हाला अकोल्याच्या विद्यापीठात शिवारफेरीला नेलं. वेगवेगळ्या वाणांच्या ओळींमधून फिरताना त्यांनी भाऊसाहेबांविषयी, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांविषयी, सांगितलं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा शेतकऱ्याचा मुलगा. १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, १९५२ ते १९६२ देशाचं कृषिखातं सांभाळलं, १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. त्यांच्या नावाचं हे विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं, तेव्हा ते हयात नव्हते. आमची शाळा त्यांच्याच संस्थेची. शेतकऱ्यांची पोरं शिकली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास, आणि त्याच ध्यासाच्या सावलीत सर आम्हाला ब्लेड आणि वही देत होते. सरांच्या ऋणाशी मी भाऊसाहेबांचं ऋण जोडते, ते याच कारणानं.

यंदाच्या खरिपात ग्रामीण कार्यानुभवासाठी मी कृषिकन्या म्हणून अकोला जिल्ह्यातल्या एका गावात राहिले. शाळेतल्या पोरांना घेऊन वावरात गेले, बोंडं चिरली, आकडे मांडले, प्रत्येक आकड्याखाली मोजणाऱ्याचं नाव लिहायला लावलं. मार्गदर्शनाला आलेल्या शिक्षकांनी विचारलं, वह्या जमा करून घ्यायच्या का? मी नाही म्हटलं. त्या वह्या पोरांनी घरी न्याव्यात, आई-बापांसमोर उघडाव्यात, एवढंच मी सांगितलं. पंप उचलायचा की नाही, हे तिथं ठरतं.