चकव्याचा कॅमेरा

मानसशास्त्रीय थरारपटाच्या छायालेखनाची चर्चा निघाली की ती लगेच लेन्स, अंधार आणि तिरक्या फ्रेमवर जाते. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कॅमेऱ्याने प्रेक्षकापासून लपवायचं किती, आणि फसवणूक कुठून सुरू होते? लपवायला हरकत नाही, खोटं दाखवायला आहे, असं माझं मत आहे. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) घ्या. वकिलाची बायको मरते आणि पुढे एक आरोपी बाई त्यालाच सांगते की मीच तुमची बायको. उकल जुळ्या बहिणीत आहे. साठ वर्षं उलटली, तेव्हा रहस्य फोडल्याचा राग आता कुणी धरू नये. राज खोसलांनी १९६६ साली याच कथेवर ‘मेरा साया’ केला. जुळी बहीण ही रहस्यकथेतली घासून गुळगुळीत झालेली सोय, पण इथे ती चालून जाते, कारण मृत्यूचं दृश्य खरंच घडलेलं आहे. एक बाई मेली, एवढंच कॅमेऱ्याने सांगितलं. ती कोण, हे आपण परस्पर ठरवून टाकलं.

हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) हीच कसोटी फार अवघड होते, कारण तिथे नॉर्मनच्या मृत आईला दाखवायचं आहे आणि तिचा चेहरा मात्र दिसू द्यायचा नाही. नॉर्मन जिना चढतो. कॅमेरा त्याच्या मागून वर सरकतो, दाराशी न थांबता आणखी वर जातो आणि वळून थेट डोक्यावर येतो. तेवढ्या वेळात आतून मायलेकांचा वाद ऐकू येत असतो, आणि मग त्याच टेकमध्ये नॉर्मन आईला उचलून खाली नेतो. मध्ये कट घेतला असता तर ‘चेहरा का टाळला?’ अशी शंका आलीच असती. कॅमेरा आधीपासूनच वर निघालेला असल्याने लपवालपवी वाटत नाही. चित्र चोख आहे. आवाजाबद्दल मात्र मी हे म्हणणार नाही. आईच्या आवाजात नॉर्मनच बोलतो असं कथा मानते, पण ध्वनिपट्टीवरचा तो आवाज नॉर्मनचं काम करणाऱ्या अँथनी पर्किन्सचा नाही, तो इतरांकडून बोलवून घेतलेला आहे. ही लबाडी आपण पोटात घालतो, कारण सिनेमा बघताना डोळ्याला साक्षीदार मानायची सवय आहे, कानाला नाही.

यावर कुणी म्हणेल, ‘राशोमोन’मध्ये (१९५०) खोट्या साक्षी सरळ पडद्यावर घडताना दिसतात, त्याचं काय? त्याच वर्षीच्या ‘स्टेज फ्राइट’मधला खोटा फ्लॅशबॅक मात्र प्रेक्षकांना खटकला आणि हिचकॉकने पुढे चूक मान्य केली. फरक बैठकीचा आहे. ‘राशोमोन’चे साक्षीदार कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतात, न्यायाधीश कधीच दिसत नाही, म्हणजे आपल्याला त्याच्या जागी बसवून आधीच सावध केलेलं असतं. ‘ब्लॅक स्वान’चंही (२०१०) तेच. तिथे हातातला कॅमेरा नायिकेची पाठ सोडत नाही, त्यामुळे तिला होणारे भास आपण तिच्याच खात्यावर लिहितो.

आपल्याकडे या प्रकाराला आयतं बीज आहे, ते म्हणजे चकवा. रात्री कोकण रेल्वेच्या वीर स्थानकात उतरून आतल्या वाडीकडे निघालेला माणूस तासभर चालून पुन्हा त्याच दगडाशी येतो, ही गोष्ट महाड-पोलादपूरकडे कुणाला समजावून द्यावी लागत नाही. पडद्यावर तिचा निळा प्रकाश आणि धूर होतो, म्हणजे झाडीच दोषी ठरते. खरं तर वाट जागच्या जागी असते, चुकतो तो चालणाऱ्याचा हिशेब. म्हणून चित्रीकरणात वाट, दगड, झाड यांतलं काही हलवू नये. माणूस डावीकडून उजवीकडे चालत असावा, आणि एका वळणावर कॅमेऱ्याने त्याच्या चालण्याची रेषा ओलांडून पलीकडे जावं. माणूस सरळच चाललाय, पण पडद्यावर आता तो उजवीकडून डावीकडे येतो आणि प्रेक्षकाला वाटतं, हा मागे फिरला. पुढे ३५ मिमीची लेन्स काढून ८५ ची लावली की मागची झाडी अंगावर येते आणि अंतराचा अंदाजही जातो. संकलक रेषा ओलांडण्याला चूक म्हणतील, आणि इतर कुठल्याही सिनेमात ती चूकच.

मग प्रामाणिकपणा राखायचा कशाने? मी आवाजाने राखीन. २०२१ पासून रोहा ते वीर दुहेरी मार्ग आहे, पुढे दक्षिणेकडे एकेरी, त्यामुळे वीरला क्रॉसिंगसाठी थांबलेल्या गाडीचा भोंगा या प्रसंगात सहज बसतो. कॅमेरा पलीकडे गेला तरी तो भोंगा त्या माणसाच्या पाठीमागूनच यायला हवा, चित्र काहीही म्हणो. थिएटरात कान देणाऱ्याला एवढं पुरेल. मोबाइलवर बघणाऱ्याला आवाजाची दिशा कळत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याच्यासाठी वळणावरच्या दगडाच्या एकाच अंगाला चुना लावावा, म्हणजे रेषेअलीकडच्या शॉटमध्ये तो पांढरा दिसेल आणि पलीकडच्या शॉटमध्ये काळा. त्यावर क्लोज-अप मात्र घेऊ नये.