तेराव्याच्या आधीचं

आजारी माणसासमोर मरणाचा विषय काढायचा नाही, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून सांगावं आणि त्यानं ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणावं, ही रीत मला मायेची वाटायची. आता वाटत नाही.

मत बदललं ते सासूबाईंमुळे. गंगेचा गडू कुठे आहे, कोणती साडी नेसवायची, तेराव्याला काय रांधायचं, हे सगळं त्यांनी कधीच सांगून ठेवलं होतं. त्या बोलायला घाबरत नव्हत्या, आम्हीच त्यांना गप्प करायचो. फुफ्फुसांचा आजार बळावला तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांच्या पलंगावर बसून सरळ विचारलं, ‘आजी, धाप फारच वाढली तर काय करायचं?’

त्या लगेच म्हणाल्या, ‘धाप कमी होईल ते दे. ऑक्सिजन लाव. घशात नळी नको. आणि ह्याला विचारू नकोस, त्याच्या तोंडून “नाही” निघायचं नाही.’

ह्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो दाराशीच उभा होता. पुढे व्हेंटिलेटरचा प्रश्न आला तेव्हा त्याला काही ठरवायचं नव्हतं, आईचं म्हणणं तेवढं सांगायचं होतं. मॉर्फिनच्या छोट्या मात्रेनं धाप हलकी होते, हे मला तेव्हा कळलं. नळी नको म्हणजे उपचारच नकोत, असं नसतं.

सासूबाईंना विचारता तरी आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यामुळे १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना काय हवं होतं, हे कुणालाच विचारता आलं नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, त्यांना जगू द्या हा शब्द मानला. २०१८ साली न्यायालयानं वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३ पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरतात.

मी माझं इच्छापत्र केलं. आपल्या वतीनं कुणी बोलायचं, तिथे धाकट्या मुलीचं नाव घातलं. थोरला दुखावला, काही दिवस फोन नाही. मग त्यानंच विचारलं, ‘आई, तू आम्हाला ओळखेनाशी झालीस आणि न्यूमोनिया झाला, तर?’

हे कागदात नव्हतं. घरी गोळ्या द्या, आयसीयूत नेऊ नका, असं आज वाटतं. पण ठाम सांगता येत नाही. दिवाळीला तो येणार आहे. डॉक्टरांकडे आम्ही तिघंही जाणार आहोत.